राखणदार बिघडला!

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांची दोन घरं असतात. एक भाड्याचं, जिथे आपण फक्त झोपायला जातो. आणि दुसरं गावाकडचं, ज्याची आठवण गणपतीचं तिकीट काढताना हमखास येते. त्या दुसऱ्या घरात काय चाललंय, ते आपल्याला फोनवरूनच कळतं. ‘पाऊस लागला.’ ‘लाइट गेलीय.’ ‘सगळं ठीक आहे, तू जेवलीस का?’ बस्स. एवढ्या बुलेटिनवर आपला आठवडा निघतो.

माझ्याकडे मात्र बातमी पोचवणारा आणखी एक जण होता. रत्नागिरीला मांडवीच्या आमच्या घरातला बर्गलर अलार्म.

२०१९ मध्ये बाबांनी तो मोठ्या हौसेने बसवून घेतला. तेव्हा आई-बाबा महिना-महिना ठाण्याला दादाकडे येऊन राहायचे आणि घर बंद असायचं. पुढच्या आणि मागच्या दाराला मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये माणसाची हालचाल टिपणारा मोशन सेन्सर, बाहेर वळचणीला भोंगा आणि आत सिमकार्ड घातलेला ऑटो-डायलर. भोंगा वाजला की हा डायलर ठरवून दिलेल्या नंबरांना एकामागून एक फोन लावणार आणि रेकॉर्ड केलेला मेसेज ऐकवणार. मेसेज अर्थात बाबांच्या आवाजात. अगदी आकाशवाणीच्या थाटात, ‘मांडवीच्या घरातून बोलतोय. अलार्म वाजलाय. लगेच बघा.’

२०२२ मध्ये बाबा गेले. आई तिथून हलायला तयार नव्हती, त्यामुळे घर बंद राहायचंही थांबलं. बंद घरासाठी घेतलेला अलार्म आता एकटीने राहणाऱ्या बाईचा झाला. रात्री दहाला आई कीपॅडवर चार आकडे दाबायची आणि आतल्या खोलीत झोपायला जायची.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग २०२४ च्या जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला आणि भोंग्याच्या अंगात आलं.

चोर परवडला, पण...

पहिला फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. फोन उचलला, तर कानात बाबांचा आवाज. त्या क्षणाबद्दल फार काही लिहीत नाही. आईला फोन लावला तर तीही जागी. शेजारचे अण्णा टॉर्च आणि कोयता घेऊन अंगणात उभे. दारं बंद, कड्या लागलेल्या, कुठे काही नाही.

तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तीन आठवड्यांत नऊ वेळा! अण्णांचं वय बहात्तर. पावसात, काळोखात, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून नऊच्या नऊ वेळा ते आले. एकदाही कुरकुरले नाहीत. शेवटी आईने काय केलं असेल? रात्री अलार्म लावणंच सोडून दिलं!

‘अगं, त्या माणसाला पावसात उठवण्यापेक्षा चोर आलेला परवडला,’ ती मला म्हणाली.

इथे माझी झोप खऱ्या अर्थाने उडाली. कारण अलार्म बंद म्हणजे आई रात्रभर प्रत्येक आवाजाला कान देऊन जागी. आणि आई जागी म्हणजे दादाच्या मुद्द्याला जोर. ‘कुलूप घाल आणि ठाण्याला ये,’ हे त्याचं २०२२ पासूनचं पालुपद. त्याचंही चूक नव्हतं. पण एका बिघडलेल्या डब्यामुळे आईने घर सोडावं, हे काही मला पटेना.

खोट्या अलार्मचा वैताग फक्त मांडवीत आहे असं समजू नका. अमेरिकेत पोलिसांकडे जाणाऱ्या बर्गलर अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोटे निघतात. सॉल्ट लेक सिटीने तर २००० सालीच नियम केला, की घरात खरंच कुणीतरी शिरलंय अशी खात्री कुणी केल्याशिवाय पोलीस येणार नाहीत. लांडगा आला रे आला! पगारी पोलीस कंटाळतात, तिथे आमचे अण्णा बिनपगारी. त्यांचा धीर संपायच्या आत हा प्रकार निस्तरायचा होता.

लॅपटॉप उचलला आणि जनशताब्दीने रत्नागिरी गाठली.

आधी कॅलेंडर, मग पेचकस

हेल्पलाइनला फोन केल्यावर उत्तर मिळालं, ‘मॅडम, सिस्टीम एकदा रिस्टार्ट करून बघा.’ ऑफिसातल्या आयटीवाल्यांचे चुलतभाऊच हे! रिस्टार्ट केली. त्याच रात्री भोंगा वाजला.

खरी मदत मिळाली ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडून. दूध, गॅस, कामवालीचे खाडे यांच्या शेजारी आईने प्रत्येक अलार्मची नोंद ठेवली होती. ‘२.४५, ३ चा दिवा, वारा.’ ‘११.३०, २ चा दिवा, पाऊस नाही.’ ‘लाइट गेली, दिवा कुठलाच नाही.’ पॅनेलवर प्रत्येक झोनचा एक दिवा असतो. ज्या सेन्सरने बोंब मारली, त्याचा दिवा लागतो. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. तिने बघितलं आणि लिहून ठेवलं.

शहरातून एका ओळखीच्या टेक्निशियनला बोलावलं होतं. चोविसेक वर्षांचा मुलगा. त्याने कॅलेंडर बघितलं आणि बॅग खाली ठेवत म्हणाला, ‘काकू, निम्मं काम तुम्हीच केलंत.’ आम्ही नोंदी वेगळ्या केल्या. चार वेळा तीन नंबर, म्हणजे मागचं दार, आणि चारही वेळा वारा. तीन वेळा दोन नंबर, म्हणजे हॉलचा सेन्सर, आणि पावसाचा काही संबंध नाही. उरलेल्या दोन वेळा लाइट गेल्यावर लगेच. म्हणजे आमचा आजार एक नव्हताच. तीन वेगवेगळे होते आणि आवाज मात्र एकच!

दार फुगलं, पाल बसली

मागच्या दारापासून सुरुवात केली. दाराच्या सेन्सरचे दोन भाग असतात. दारावर एक लोहचुंबक आणि चौकटीवर रीड स्विच. रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन पातळ पट्ट्या. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूडने तो शोधला. चुंबक जवळ असलं की पट्ट्या चिकटतात, लांब गेलं की सुटतात. सुटल्या की सर्किट तुटतं आणि पॅनेल समजतं, दार उघडलं.

ही कल्पना तशी जुनीच आहे. १८५३ मध्ये, म्हणजे आपली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली त्याच वर्षी, ऑगस्टस पोपने अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या बर्गलर अलार्मचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट जोडलं जायचं आणि घंटा वाजायची. आता उलट आहे. सर्किट कायम जोडलेलं, तुटलं की बोंब. फायदा असा, की चोराने वायर कापली तरी कळतं. तोटा असा, की वायर आपोआप खराब झाली तरी पॅनेलला चोरच दिसतो.

आमचं मागचं दार फणसाच्या लाकडाचं. पावसात ते फुगतं. वरची कडी खाचेत जाईना म्हणून आई फक्त खालची लावत होती. वारा आला की वरचा कोपरा आत-बाहेर व्हायचा आणि चुंबक नेमकं त्याच कोपऱ्यात. साधा सेन्सर दीड-दोन सेंटिमीटरचं अंतर सहन करतो. त्यापलीकडे गेलं की संपलं. मी म्हटलं, रंधा मारून घेऊ. सुतारमामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आमरसात मीठ घालायला सांगितलं. ‘पावसात रंधा मारलात तर उन्हाळ्यात बोटभर फट पडेल!’ मग त्यांनी चौकटीतली कडीची खाच थोडी वाढवली आणि टेक्निशियनने जास्त अंतर चालणारा सेन्सर बसवला, चुंबकाखाली लाकडाची चकती देऊन.

एवढ्यावर भागलं नाही. पडवीतून जाणाऱ्या वायरला एक जोड होता, नुसता पिळून वर टेप गुंडाळलेला. टेप सोडली तर आत तांबं हिरवं पडलेलं. मांडवीचा खारा वारा पाच वर्षं त्या जोडात शिरत होता. असा जोड तुटत नाही, पण त्यातून वीज नीट जात नाही. दमट हवेत तर त्याचं काही खरं नाही. जोड कापला, नव्याने सोल्डर केला, वर गरम करून आवळणारी नळी चढवली. किनाऱ्यावर घर असेल, तर पिळलेला जोड म्हणजे बिघाडाला आवतण. हे लक्षात ठेवा.

आता दोन नंबर. मोशन सेन्सर उष्णता टिपतो. आपल्या शरीरातून निघणारी उष्णता त्याच्या भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली, की त्याला हालचाल कळते. खोलीच्या त्या टोकाला असलेली पाल त्याला दिसतही नाही. पण तीच पाल त्याच्या तोंडावरून चालत गेली, तर तिच्याएवढं मोठं जगात काही नाही! आणि पाल तिथे का गेली? कारण बाजूलाच झिरोचा बल्ब होता. बल्बपाशी चिलटं, चिलटांपाशी पाल.

हा बल्ब पूर्वी रात्री बंद असायचा. बाबा गेल्यापासून आई तो रात्रभर चालू ठेवत होती. सोबत म्हणून.

बल्ब समोरच्या भिंतीवर नेला. सेन्सरच्या मागचं वायरचं भोक सिलिकॉनने बुजवलं, कारण मुंग्या आणि कोळी तिथूनच आत शिरतात. त्याची जागाही बदलली. असा सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला चटकन पकडतो. एका झटक्यात बोंब न मारता दोनदा खात्री करून घेण्याचं सेटिंगही असतं, तेही केलं. मग टेस्ट! चोराची भूमिका अण्णांनी स्वतःहून मागून घेतली. ते वाकून, दबकत, अगदी नाटकातल्यासारखे हॉलमधून गेले आणि सेन्सरचा लाल दिवा टपकन लागला. ‘पकडलंन् गो मला!’ अण्णा जाम खूश.

लाइट गेली की बोंब

लाइट जाणं हे कोकणातल्या पावसाळ्याचं दहावं नक्षत्र. लाइट गेली की पॅनेल आतल्या बॅटरीवर चालतं. स्कूटरच्या बॅटरीच्या वळणाची, बारा व्होल्टची, पाणी न घालावी लागणारी. तिचं आयुष्य तीन ते पाच वर्षं आणि उकाड्यात त्याहून कमी. आमचीला पाच वर्षं झाली होती.

मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट. मी म्हटलं, छान आहे की! टेक्निशियनने काही न बोलता मेन स्विच बंद केला. बॅटरीवर भार आला आणि दहा मिनिटांत आकडा दहाच्या खाली. नुसत्या बसलेल्या माणसाची नाडी बघून त्याला जिना चढता येईल का, ते कळत नाही. तसंच हे. व्होल्टेज कोसळलं की बाहेरच्या भोंग्याला वाटायचं, कुणीतरी वायर कापली. त्याच्या पोटात वेगळी छोटी बॅटरी असते, नेमकी याच प्रसंगासाठी. मग तो इमानेइतबारे बोंबलायचा. नवी बॅटरी हजार-बाराशेला आली. तिच्यावर टेक्निशियनने मार्करने तारीख टाकली.

तीनही आजार बरे झाले. पण कॅलेंडरवर अजून एक कोडं होतं. नऊपैकी पाचच वेळा मला फोन आला होता. चार वेळा नाही. दादाला तर एकदाही नाही.

‘हॅलो, कोण बोलतंय?’

आधी संशय सिमवर गेला. डायलरमधलं सिम आपण विसरून जातो आणि रिचार्ज संपला की ते मुकं होतं. आणखी एक गंमत. आमच्यासारख्या जुन्या २जी डायलरमध्ये जिओचं सिम चालतच नाही, कारण त्यांचं नेटवर्कच ४जीपासून सुरू होतं. पण आमचं सिम ठीक होतं, रिचार्जही होता. टेक्निशियनने टेस्ट कॉल लावला आणि नंबरांची यादी उघडली. पहिला नंबर बाबांचा. त्यांनी स्वतःच घातलेला. दुसरा माझा. तिसरा दादाचा.

बाबांचा नंबर २०२२ नंतर कुणी रिचार्ज केला नव्हता. असा नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या कुणालातरी देते. आणि डायलरचा नियम असा, की पहिल्याने फोन उचलला, तर निरोप पोचला असं समजून पुढे कुणाला लावायचा नाही.

म्हणजे त्या चार रात्री कुणीतरी बाबांचा फोन उचलला होता.

मी माझ्या मोबाइलवरून तो नंबर लावला. स्पीकरवर टाकला. संगमनेरकडचा एक टेम्पोवाला निघाला. मी नुसतं ‘मांडवीच्या घरातून’ म्हणाले आणि तो पटकन बोलला, ‘ताई, ते काका बरे आहेत ना? रात्रीचा फोन येतो, अलार्म वाजलाय, लगेच बघा म्हणतात. मी परत लावून बघितला दोनदा, कुणी उचलतच नाही. चोर सापडला का?’

आम्ही तिघं गप्प. मग आईने फोन हातात घेतला.

‘चोर नव्हता हो,’ ती म्हणाली. ‘पाल होती.’

तो इतका हसला, की आम्हालाही हसू फुटलं. ‘काकांना सांगा, काळजी करू नका,’ तो म्हणाला. ‘सांगते,’ आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग थोडा वेळ ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

टेक्निशियनने नंबर बदलले. पहिला अण्णांचा, दुसरा माझा, तिसरा दादाचा. नुसतं हॅलो म्हणून भागत नाही, फोनवर एक आकडा दाबला तरच निरोप पोचला असं मानायचं, हेही सेटिंग निघालं. ते चालू केलं. शेवटी त्याने जरा अडखळत विचारलं, ‘मेसेज नवीन रेकॉर्ड करायचा का?’

आईने उलट विचारलं, ‘आवाज स्पष्ट येतोय ना?’

‘हो.’

‘मग कशाला?’

राखणदाराचा नारळ

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, असं मानतात. डोळ्यांना न दिसणारा, घरादारावर, बागेवर लक्ष ठेवणारा. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा असतो. आई म्हणते, ‘तो नारळावर तरी भागवतो. ह्या नव्या राखणदाराला रिचार्जही हवा!’

म्हणून आता कालनिर्णयवर दर महिन्याच्या एक तारखेला खूण असते. संध्याकाळी सहा वाजता अण्णांना आधी सांगून भोंगा वाजवायचा. अर्धा तास मेन स्विच बंद ठेवून बॅटरी बघायची. सेन्सरवरची जळमटं सुक्या फडक्याने पुसायची. सिमच्या रिचार्जची तारीख बघायची. चहा अण्णांना आमच्याकडे.

त्या पावसाळ्यात पुढे भोंगा फक्त एकदा वाजला. मागच्या दाराची कडी न लावता आई झोपली होती आणि वाऱ्याने दार सताड उघडलं. या वेळी तो खरं बोलला. अण्णा आले, दार लावलं, परत गेले. आई रोज रात्री दहाला चार आकडे दाबते आणि झोपते. झिरोचा बल्ब चालूच असतो, समोरच्या भिंतीवर. दादाने ठाण्याचा विषय सोडलेला नाही, पण आईला निघायचं झालं, तर ती भोंग्याला कंटाळून निघणार नाही.

सीसीटीव्ही, अॅप, नोटिफिकेशन, सगळं घ्या. माझी काहीच हरकत नाही. पण मुंबईत तुमच्या फोनवर नोटिफिकेशन येऊन होणार काय? तुम्ही तिथून साडेतीनशे किलोमीटरवर आहात. उठून चपला घालणार ते शेजारचे अण्णाच. तेव्हा या शनिवारी घरी फोन कराल, तेव्हा ‘जेवलीस का’च्या पुढे तीन प्रश्न विचारा. बॅटरी किती वर्षांची झाली? भोंगा वाजला तर कोण येतं, आणि त्यांना शेवटचं कधी चहाला बोलावलं? आणि हो, यादीत पहिला नंबर कुणाचा आहे?